मुंबईच्या तळ्यांतील स्पंज आणि डॉक्टर कार्टर

अर्नाळ्याच्या बंदरावर सकाळीं होड्या लागल्या म्हणजे कोळिणींच्या पाट्यांत जें जें पडतें त्या सर्वांस आपण एकाच शब्दानें मासळी म्हणतों. बोंबील, मांदेली, सुरमई ही तर मासळी खरीच. परंतु कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, कालवें आणि माकूल यांसही आपण त्याच नांवाखालीं घालतों. बाजाराच्या व्यवहारास ही वांटणी पुरी पडते, व तिच्यांत खोड काढण्याचा आमचा हेतु नाहीं. तथापि पाटी घरीं आणून निवडावयास बसलेल्या बाईस एक गोष्ट कोणाला विचारावी लागत नाहीं. बोंबलास मऊ कां होईना पण कांटा असतो. कोळंबीस तो नसतो. हा कांटा म्हणजेच पाठीचा कणा. विद्वान लोकांनीं सर्व प्राणिसृष्टीची पहिली मोठी वांटणी याच खुणेवर केली आहे. आणि त्या वांटणीच्या दुसऱ्या भागांत, म्हणजे कणा नसलेल्या प्राण्यांत, ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें अशा एका डॉक्टराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याची कर्मभूमि आपली मुंबई होती. प्राणिशास्त्राच्या जगांत त्याचें नांव सर्वत्र ठाऊक आहे, जरी आपल्या खेडेगांवांतून तें क्वचितच ऐकूं येतें.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं हें वर्गीकरण कसें होत आलें तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. ग्रीस देशांतील आरिस्टॉटल यानें ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत रक्त असलेले व रक्त नसलेले असे प्राण्यांचे दोन भाग कल्पिले. लाल असेल तेवढेंच रक्त, अशी त्याची समजूत होती. पुढें स्वीडन देशांतील लिनिअस यानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्राण्यांचे सहा वर्ग मांडिले. त्यांतील चार वर्ग कणा असलेल्यांस मिळाले, आणि राहिलेले दोन, कीटक व कृमि, एवढ्यांत बाकीची सगळी सृष्टि कोंबावी लागली. वास्तविक ज्ञात असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकीं शेंकडा ९५ हून अधिक जाती कणा नसलेल्यांच्याच आहेत! कृमींचा वर्ग तर घरांतील माळ्यासारखा झाला. ज्याची जागा ठरली नाहीं तें तेथें टाकावें. गांडूळ, जळू, शिंपला, तारामासा, सारीं एकत्र. हा माळा आवरण्याचें मोठें काम फ्रान्स देशांतील लामार्क यानें केलें. पन्नाशी जवळ येईपर्यंत तो वनस्पतींचा अभ्यासी होता. १७९३ सालीं पॅरिस येथील संग्रहालयांत किडे व कृमि यांचें अध्यापकपद त्याच्याकडे आलें. त्यानें विंचू व कोळी यांस किड्यांतून काढिलें, खेकड्यांस वेगळें केलें, गांडूळ व जळू यांचा निराळा वर्ग बांधिला, आणि या सर्वांस मिळून अपृष्ठवंशी हें नांव दिलें. त्याच्या मोठ्या ग्रंथाचा सातवा व शेवटचा भाग १८२२ सालीं निघाला, तेव्हां तो आंधळा झालेला होता व त्याच्या सांगण्यावरून त्याची मुलगी लिहून घेत असे.

आपल्या पाटीचीच गोष्ट घेतली तर आजच्या हिशेबानें कोळंबी आणि चिंबोरी हीं सांध्यासांध्यांचे पाय असणाऱ्या संधिपादांच्या संघांत जातात, आणि विंचू, झुरळ व फुलपांखरूं हीं त्यांचीं भावंडें ठरतात. तिसऱ्या, कालवें व माकूल हीं मृदुकाय. त्यांची सोयरीक वाडींतल्या गोगलगायीशीं. कालव जन्मभर खडकास चिकटून बसतें आणि माकूल बाणासारखें पाण्यांतून सुटतें, तरी दोघांच्या शरीराची मूळ घडण एकच. नुसत्या बाहेरच्या रूपावरून जो नातें ठरवूं जाईल तो फसेल, आणि मोठमोठे फसले आहेत.

या सर्वांत अत्यंत अवघड प्रश्न स्पंजाचा होता. पूर्वीं शाळेंतील मुलें ज्यानें पाटी पुसत तो स्पंज म्हणजे एका समुद्रांतील जीवाचा सांगाडा होय. त्या जीवास तोंड नाहीं, पोट नाहीं, डोळे नाहींत, पाय नाहींत. तो जागचा हलत नाहीं. गोड्या पाण्यांतील कित्येक स्पंज तर शेवाळाप्रमाणें हिरवे असतात. तेव्हां हा प्राणी कीं वनस्पति? लिनिअसनें त्यास प्रथम वनस्पतींत घातलें व मागाहून प्राण्यांत आणिलें. १८२५ च्या सुमारास स्कॉटलंडांत रॉबर्ट ग्रँट यानें पाहून ठेविलें कीं, स्पंजाच्या अंगावरील बारीक छिद्रांतून पाणी आंत जातें व मोठ्या छिद्रांतून बाहेर पडतें. एवढ्यानेंही सर्वांचें समाधान झालें नाहीं, विशेषतः गोड्या पाण्यांतील स्पंजाविषयीं. तें समाधान करण्यास पुष्कळ साहाय्य ज्याच्या हातून झालें तो आपल्या चरित्राचा नायक.

हेन्री जॉन कार्टर याचा जन्म १८ ऑगस्ट १८१३ रोजीं इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत बडले सॉल्टर्टन या समुद्रकांठच्या गांवीं झाला. शस्त्रवैद्याचें शिक्षण पुरें करून तो १८४२ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या वैद्यकी खात्यांत नोकरीस लागला. येथें एक खुलासा करणें बरें. याच आडनांवाचा दुसरा एक डॉक्टर, हेन्री व्हॅनडाइक कार्टर, १८५८ सालीं मुंबईस आला. ग्रे याच्या सुप्रसिद्ध शारीरग्रंथांतील चित्रें त्याच्या हातचीं, आणि महारोगाविषयींचें त्याचें कामही मोठें आहे. दोघांची गल्लत होऊं नये.

१८४४ पासून १८४६ पर्यंत आपला कार्टर पॅलिन्युरस नांवाच्या सरकारी गलबतावर वैद्य म्हणून होता. हें गलबत अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची मोजणी करीत होतें. खलाशांचीं दुखणीं पाहून वेळ उरे त्यांत कार्टर किनाऱ्यावर उतरून दगड, शंखशिंपले व झाडपाला गोळा करी आणि तेथील लोकांची माहिती लिहून ठेवी. ज्या झाडाच्या सालीस चीर पाडली असतां ऊद निघतो त्या झाडाचें वर्णन त्यानें प्रत्यक्ष पाहून केलें. ऊद म्हणजे मागी लोकांनीं बाळ येशूस सोनें व गंधरस यांबरोबर वाहिलेलें तेंच द्रव्य. युरोपांत तें शतकानुशतकें जळत होतें, पण त्याच्या झाडाविषयीं विद्वानांत घोळ होता. १८७० च्या सुमारास जॉर्ज बर्डवुड यानें त्या झाडास कार्टरच्या नांवावरून बॉस्वेलिया कार्टरी असें नांव दिलें. आतां बहुतेक वनस्पतिशास्त्री तें झाड पूर्वींच नांव दिलेल्या दुसऱ्या एका जातीचेंच समजतात, आणि त्यामुळें कार्टरचें नांव तेथून मागें पडलें आहे. नांवें देणाऱ्यांच्या जगांत असें नेहमींच घडतें.

परंतु त्याची खरी कामगिरी मुंबई बेटांतच झाली. विहार तलावाचें पाणी नळानें मुंबईस आलें तें १८६० सालीं. त्यापूर्वीं शहरचे लोक विहिरींवर व तळ्यांवर अवलंबून असत. त्यांपैकीं धोबीतलाव, गोवालिया तलाव इत्यादि कित्येकांचीं आतां नांवेंच राहिलीं आहेत. ज्या वाचकांनीं वसईच्या वाड्यांतील बावखलें पाहिलीं आहेत त्यांस तशा पाण्याची कल्पना सहज येईल: उन्हाळ्यांत खालीं गेलेलें, कांठावर शेवाळ, पाण्यांत लोंबणारीं मुळें, आणि दगडांवर कांहीं खरखरीत राखी किंवा पांढरट थर. हा थर म्हणजे पुष्कळदां शेवाळ नसून स्पंज असतो. जिवंत असतां त्यास उग्र वास येतो, व वाळल्यावर हातांत चुरडला तर त्यांतून गारगोटीच्या द्रव्याच्या इतक्या सूक्ष्म सुया निघतात कीं त्या सूक्ष्मदर्शकावांचून दिसत नाहींत. कार्टर हे थर घरीं आणून कांचेच्या भांड्यांत जिवंत ठेवी व तासन् तास त्यांच्याकडे पाहत बसे.

१८४७ पासून त्याचे या विषयावरील लेख प्रसिद्ध होऊं लागले, आणि १८४९ सालीं त्यानें मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांच्या पांच जातींचें सविस्तर वर्णन छापिलें. त्यांपैकीं कांहींस त्यानें स्वतः नांवें दिलीं: रंगावरून एकीस राखी, दुसरीस पांढरी, आणि सुयांच्या ठेवणीवरून तिसरीस पिसासारखी, अशा अर्थाचीं तीं लॅटिन नांवें आहेत. जात ओळखावयाची ती मुख्यत्वेंकरून सुयांच्या आकारावरून, आणि दाण्यांवरून. हे दाणे काय ते सांगतों.

उन्हाळ्यांत तळ्याचें पाणी ओसरलें म्हणजे दगडावरील स्पंज उघडा पडून मरतो व वाळून जातो. परंतु त्याच्या जाळ्यांत खसखशीहून लहान असे पिवळसर दाणे चिकटून राहतात. ऊन, वारा, धूळ, कशानेंही ते मरत नाहींत. कार्टरनें असे दाणे पाण्यांत ठेवून पाहिले, तेव्हां त्यांच्या एका बारीक भोंकांतून मऊ पेशी सरपटत बाहेर आल्या, एकमेकींस लागून पसरल्या, त्यांनीं आपल्या अंगांतून सुया निर्माण केल्या, आणि थोड्या दिवसांत एक नवा इवलासा स्पंज तयार झाला. आपल्याकडे मृगाच्या पावसानंतर तळ्यांतून कोठून कोठून जीव उत्पन्न होतात म्हणून लोक आश्चर्य करितात. त्यांतल्या एकाचा उलगडा असा झाला.

दाणे पाहिले तर कोणीही त्यास बीज म्हणावें व स्पंजास वनस्पति ठरवावें! म्हणून खाण्याची परीक्षा अधिक महत्त्वाची होती. कार्टरनें स्पंज ठेवलेल्या पाण्यांत रंगाची बारीक पूड सोडिली आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें. रंगाचे कण बारीक छिद्रांतून आंत ओढले गेले, आंत असलेल्या लहान लहान गोल पिशव्यांत शिरले, आणि त्या पिशव्यांच्या भिंतींतील पेशींनीं ते गिळले. नको असलेलें मोठ्या छिद्रावाटे बाहेर आलें. या पिशव्यांविषयींचा त्याचा लेख १८५७ सालचा आहे. झाड असें गिळत नाहीं. ज्याला तोंड नाहीं तो हजार तोंडांनीं खातो, हें मुंबईच्या एका तळ्यांतल्या पाण्यावर दिसून आलें.

आतां या चरित्रांतील ज्या भागासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली त्याकडे येतों. आमचे आजोबा नगर जिल्ह्यांतले. त्यांच्या घोट्याच्या वर सुरकुतलेला एक जुना व्रण होता. तो कशाचा म्हणून विचारलें कीं ते एकच शब्द सांगत, नारू. तरुणपणीं फोड येऊन त्यांतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा दिसूं लागला. तो काडीस गुंडाळून रोज बोटभर ओढीत असतां अर्ध्यांतच तुटला, पाय सुजला, आणि ऐन सुगीचे दोन महिने ते अंथरुणावर होते. त्या वर्षीं शेत अर्धेलीनें दुसऱ्यास द्यावें लागलें. ज्यांनीं हें दुखणें पाहिलें नाहीं त्यांस किड्यांची जात ठरविणें हा रिकाम्या विद्वानांचा खेळ वाटेल.

कार्टरच्या वेळीं मुंबईंत नारूचे रोगी पुष्कळ असत, आणि तो तर पेशानें डॉक्टर. दीड दोन हात लांबीचा हा किडा माणसाच्या अंगांत येतो कोठून, हें कोणास सांगतां येत नव्हतें. तळ्यांच्या शेवाळांत कार्टरला दोऱ्यासारखे अतिसूक्ष्म कृमि आढळले होते. नारूच्या मादीच्या पोटांतील पिलें त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं, आणि दोहोंची ठेवण त्यास सारखी दिसली: अंग गोल, गांडुळाप्रमाणें वळीं नाहींत, पाय नाहींत. शिवाय ज्या शाळेचीं मुलें अशा कृमींनीं भरलेल्या तळ्यांत आंघोळ करीत त्यांच्यांत नारू फार, असेंही त्याच्या पाहण्यांत आलें. यावरून त्यानें अनुमान बांधिलें कीं, तळ्यांतील कृमि आंघोळीच्या वेळीं कातडींतून अंगांत शिरतात व तेथें वाढून नारू होतात. या विषयावर त्यानें १८५० नंतरच्या दशकांत एकाहून अधिक लेख लिहिले.

अनुमान सुसंगत होतें, आणि चुकीचें होतें. ते कृमि नारूच्याच संघांतले होते खरे, परंतु तो संघ अफाट आहे. त्यांत जंत आहेत, आंकडकृमि आहेत, आणि कोणाच्या वाटेस न जातां मातींत व चिखलांत सुखानें राहणारेही असंख्य आहेत. कार्टरचे कृमि या शेवटल्यांपैकीं. १८७० सालीं तुर्कस्तानांत काम करणाऱ्या फेदचेंको नांवाच्या रशियन अभ्यासकानें खरा मार्ग दाखविला. नारूचीं पिलें पाण्यांत पडलीं म्हणजे त्यांस सायक्लॉप्स नांवाचा एकडोळ्या जलचर खातो. तो तिळाहूनही लहान असतो, आणि त्याचें कुळ कृमींचें नव्हे. तो कोळंबी व चिंबोरी यांच्या गोतांतला! असा सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटांत गेला कीं नारू आंत सुटतो व सुमारें एका वर्षानें पायांतून बाहेर डोकावतो. माणसाच्या बाबतींत याची खात्री पुढें मुंबईंतच १९१३ सालीं डॉक्टर ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनीं स्वखुशीनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून पटविली.

दोन मतांतला हा फरक पुस्तकी नव्हता. कार्टरचें मत खरें धरिलें तर लोकांनीं तळ्यांत आंघोळ करणें सोडावें, आणि पाणी मात्र खुशाल प्यावें. फेदचेंकोचें मत धरिलें तर पाणी फडक्यानें गाळून प्यावें, आणि ज्याच्या पायांतून नारू निघत आहे त्यानें बारवेच्या पायऱ्या उतरूं नयेत. आपल्या देशांत १९८० नंतर हेंच गांवोगांव करण्यांत आलें. बारवा बंद करून हातपंप बसविले, फडकीं वांटलीं. या रोगास लस नाहीं. तरी जुलै १९९६ मध्यें देशांतील शेवटला रोगी आढळला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हिंदुस्थान नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. आमचे आजोबा तोंपर्यंत राहिले नाहींत.

कार्टरला यांत दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. तळ्याकडे त्यानें बोट बरोबर दाखविलें. त्या पाण्यांतला गुन्हेगार मात्र चुकीचा धरला. त्याची दुसरी एक चूक तर गंमतीची आहे. मुंबईच्या पांच स्पंजांपैकीं एकास त्यानें लामार्कनें वर्णिलेल्या युरोपांतील एका जातीचें नांव लाविलें होतें. १८६३ सालीं इंग्लंडांतील बॉवरबँक यानें दाखविलें कीं हा स्पंज तो नव्हे, नवाच आहे. आणि चूक दुरुस्त करितांना त्यानें त्या स्पंजास कार्टरचेंच नांव दिलें. हिंदुस्थानच्या तळ्यांत आज सर्वांत अधिक आढळणारा गोड्या पाण्याचा स्पंज तो हाच. त्याचा वंश मागाहून बदलण्यांत आला, पण कार्टरी हें नांव कायम आहे.

मुंबईंतील त्याची इतर कामें आम्ही केवळ नमूद करून पुढें जातों. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा तो चिटणीस होता. मुंबई बेटाच्या भूस्तरांचें वर्णन त्यानें १८५२ सालीं प्रसिद्ध केलें. आणि पश्चिम हिंदुस्थानच्या भूस्तरांवरील निरनिराळ्यांचे लेख एकत्र करून १८५७ सालीं भायखळ्याच्या छापखान्यांतून त्यांचा मोठा ग्रंथ काढिला. मुंबईच्या भोंवतालचा समुद्र कधीं कधीं लाल होतो, त्याचें कारण एक डोळ्यांस न दिसणारा जीव आहे, असें त्यानें १८५८ सालीं लिहून त्या जीवासही नांव दिलें. तो जीव आतां प्राण्यांत गणत नाहींत. १८५९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें कार्टरला आपला सभासद करून घेतलें.

१८६२ सालीं तो नोकरी सोडून आपल्या जन्मगांवीं परत गेला, आणि पुढचीं ३३ वर्षें तेथेंच राहिला. आतां तळीं नव्हतीं. परंतु जगाच्या सर्व समुद्रांतून काढलेले स्पंज पेट्यांतून त्याच्या दारीं येऊं लागले. सिंहलद्वीपाजवळच्या मन्नारच्या आखातांतले, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरले, ब्रिटिश म्यूझियमच्या कपाटांत नांवावांचून पडलेले, सर्व त्यानें एकेक करून तपासले व शेंकडों जातींचीं वर्णनें लिहिलीं. १८७२ सालीं त्यास रॉयल सोसायटीचें राजपदक मिळालें. १८७५ सालीं त्यानें साऱ्या स्पंजांचे आठ गण ठरवून दिले. ज्यांस सांगाडाच नाहीं ते एकीकडे. ज्यांचा सांगाडा शिंगासारख्या तंतूंचा ते दुसरीकडे. तंतूंत वाळू भरून घेणारे निराळे. सहा टोकांच्या कांचेसारख्या सुयांचे निराळे. आणि चुन्याच्या सुयांचे अगदीं शेवटीं. ज्यानें पाटींतली मासळी निवडिली आहे त्यास ही रीत परकी वाटणार नाहीं. आज स्पंजांचे चार वर्ग मानितात. त्यांत सहा टोकांच्या सुयांचा व चुन्याच्या सुयांचा असे दोन गट अजून उभे आहेत. बाकीचे गण पुढल्या अभ्यासकांनीं मोडून नव्यानें बांधिले.

स्पंजाचें इतर प्राण्यांशीं नातें काय, या वादांत तो म्हातारपणींही हिरिरीनें पडे. जर्मनींतील हेकेल हा मोठा पंडित स्पंजांस प्रवाळ व समुद्रपुष्पें यांच्या जवळ बसवीत असे. कार्टरनें त्यास विरोध केला. अमेरिकेंतील जेम्स-क्लार्क यानें दाखविलें होतें कीं, स्पंजाच्या आंतील पेशी व पाण्यांतील कांहीं एकपेशी जीव यांच्यांत विलक्षण साम्य आहे. तें कार्टरनें स्वतः पाहून मान्य केलें. आज स्पंजांचा संघ स्वतंत्र मानितात. प्राणिसृष्टीच्या झाडाची पहिली फांदी स्पंजांची कीं समुद्रांत तरंगणाऱ्या कांहीं पारदर्शक जीवांची, यावर मात्र अजूनही शास्त्रज्ञांत भांडण आहे.

डॉक्टर कार्टर ४ मे १८९५ रोजीं बडले सॉल्टर्टन येथें वारला. आपल्याकडे मे महिन्यांत तळ्यांचें पाणी तळाशीं गेलेलें असतें, आणि त्याच्या नांवाचा स्पंज उघड्या दगडांवर वाळून, दाणे होऊन, पावसाची वाट पाहत असतो.